बाल्कनी कुठली, पंगत कुठली

फ्लॅट घ्यायचा झाला तर आपण दहा गोष्टी विचारतो. वर गच्ची आहे की कुणाचं घर, लिफ्टची घरघर बेडरूममध्ये येते का, दुपारचं ऊन कुठल्या खिडकीतून आत येतं, सोसायटीचा पंप कुठे बसवलाय. क्रूझची केबिन मात्र आपण एका फोटोवर ठरवून मोकळे होतो. पांढरीशुभ्र चादर, काचेचं सरकतं दार, पलीकडे दोन खुर्च्या आणि निळं पाणी. फोटो खोटा नसतो. पण तो एका खोलीचा असतो आणि तशाच दिसणाऱ्या शेकडो खोल्या त्या जहाजावर असतात. त्यांतली नेमकी कुठली आपल्या वाट्याला येते, यावर रात्रीची झोप, पोटाची शांतता आणि संध्याकाळचा सूर्य हे तिन्ही अवलंबून असतं. जेवणाची निवडही यातच गुंतलेली आहे. म्हणून या प्रकरणात केबिन आणि जेवण मी वेगळं काढलेलं नाही.

भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीत डेकवर वळकटी पसरून रात्र काढलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. वारा, चांदणं आणि समुद्र त्यांना तिकिटातच मिळत असे. खोलीला जोडलेला, फक्त आपला असा समुद्राचा तुकडा ही गोष्ट मात्र फार काळ दुर्मीळ होती. 1912 साली निघालेल्या टायटॅनिकवर खासगी फिरण्याचा सज्जा असलेले फक्त दोन सूट होते. जुन्या जहाजांत बऱ्याच खोल्या खालच्या पोटात, गोल खिडक्यांच्या मागे असत आणि वरचे डेक सार्वजनिक दालनांनी, मोकळ्या फिरण्याच्या जागांनी आणि जीवनौकांनी व्यापलेले असत. हे उलटं करता येईल, दिवाणखाने खाली आणि खोल्या वर नेता येतील, असा विचार 1984 सालच्या ‘रॉयल प्रिन्सेस’मध्ये ठळकपणे उतरला. हेलसिंकीत बांधलेल्या या जहाजाच्या सगळ्या खोल्यांचं तोंड समुद्राकडे होतं. 1995 साली ‘सन प्रिन्सेस’ आलं आणि बाल्कनी ही श्रीमंतांच्या सूटपुरती गोष्ट राहिली नाही. नंतरच्या मोठ्या जहाजांत तर बाल्कनीच्या खोल्यांचीच संख्या जास्त.

हा इतिहास बुकिंग करताना कामाला येतो. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणारं ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 सालचं, म्हणजे बाल्कनीची लाट येण्याआधीचं. त्यावर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत आणि त्या लवकर भरतात. सिंगापूरहून सुटणारं ‘गेंटिंग ड्रीम’ 2016 सालचं. तिथे बाल्कनी मिळेल का हा प्रश्नच नसतो, कुठल्या मजल्यावरची घ्यायची हा असतो. म्हणून जहाजाचं नाव कळलं की आधी ते कुठल्या साली बांधलंय ते पाहा आणि मग डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, काढा. कंपन्या तो उघड ठेवतात. त्यावर प्रत्येक खोली क्रमांकासकट दिसते.

नकाशा हातात आला की पहिला विचार पोटाचा करावा. आपल्याकडे ‘बोट लागते’ म्हणतात, त्याचं गणित साधं आहे. लाटेवर जहाज सी-सॉसारखं पुढे-मागे झुलतं तेव्हा मध्यभाग जवळजवळ जागेवर राहतो आणि टोकं वर-खाली होतात. तीनशे मीटर लांबीचं जहाज फक्त एक अंशाने झुकलं, तरी नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, खोली सुमारे अडीच मीटर वर किंवा खाली जाते, म्हणजे जवळजवळ एक मजला. आडवं डोलणं वेगळं. त्याला माडाचं उदाहरण चपखल बसतं. बुंध्याशी काही जाणवत नाही, शेंडा मात्र वाऱ्यावर हातभर हलतो. डोलण्याच्या अक्षापासून चाळीस मीटर उंचावरची खोली दोन अंशांच्या कलाने साधारण दीड मीटर बाजूला सरकते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, माशाच्या परांसारखे. ते हे आडवं डोलणं बरंच कमी करतात, पण पुढचं-मागचं झुलणं त्यांना आवरत नाही.

ज्याला एसटीत घाट लागला की खिडकी लागते, त्याने जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि बाल्कनी असलेल्या मजल्यांपैकी सगळ्यांत खालची खोली घ्यावी. वरच्या मजल्याला भाडं जास्त असतं म्हणून ती खोली चांगली, असं नाही. उंचीचे पैसे देऊन हेलकावे विकत घेतलेले मी पाहिले आहेत.

यानंतर आवाज. माझ्या पहिल्या सफरीत मी बुफेच्या बरोबर खालची केबिन घेतली होती. जेवणाला जवळ पडेल असा विचार होता, आणि एजंटानेही तीच गळ्यात बांधली. पहाटे साडेचारला डोक्यावर पहिली खुर्ची सरकली. मग दुसरी. मग चाकांची ट्रॉली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि प्रत्येक पत्र्याच्या सांध्यावर तिने दोनदा ठोका दिला. कर्मचारी न्याहारीची मांडामांड करत होते. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. चार सकाळी मी त्या ट्रॉलीबरोबर उठलो. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: वरही खोल्या, खालीही खोल्या. आपला मजला नकाशावर पाहायचा, मग त्याच जागेवर वरचा आणि खालचा मजला ताडून पाहायचा. वर स्विमिंग पूल, बुफे किंवा व्यायामशाळा नको. खाली नाटकगृह, डिस्को किंवा भटारखाना नको. अगदी पुढच्या खालच्या खोल्यांत नांगराची साखळी सुटताना ऐकू येते आणि बंदरात शिरताना पुढचे थ्रस्टर पंखे घरघरतात. अगदी मागच्या खोल्यांत इंजिनाची थरथर जाणवू शकते. पण मागच्या बाल्कनीतून जहाजाने पाण्यावर काढलेली पांढरी वाट क्षितिजापर्यंत दिसते, आणि काही माणसं त्या दृश्यासाठी थरथर आनंदाने सोसतात. मी त्यांतला आहे.

‘बाल्कनी’ हा शब्दही नीट वाचावा लागतो. काही बाल्कन्यांसमोर जीवनौका टांगलेली असते. बुकिंगमध्ये त्याला ‘अडथळ्याचं दृश्य’ अशा अर्थाचा शेरा असतो, आणि तो बारीक अक्षरात असतो. काही बाल्कन्या समुद्राकडे नसतातच. 2009 साली आलेल्या ‘ओअॅसिस ऑफ द सीज’ या जहाजाच्या पोटात झाडं लावलेली मोकळी बाग आहे, आणि कित्येक बाल्कन्या तिच्याकडे तोंड करून आहेत. चाळीच्या आतल्या चौकाची ज्यांना आवड आहे त्यांना ती जागा आवडेल, पण समुद्राच्या आशेने गेलेल्या माणसाला नाही. 2018 सालच्या ‘सेलिब्रिटी एज’वर वेगळाच प्रकार आला: बाल्कनी खोलीतच सामावलेली आणि समोरच्या काचेचा वरचा अर्धा भाग बटण दाबलं की खाली उतरतो. खोली मोठी वाटते, पण बाहेर पाऊल टाकल्याचं सुख मिळत नाही. नाळेकडच्या काही बाल्कन्यांना काचेऐवजी लोखंडी कठडा असतो. तिथे खुर्चीत बसल्यावर समोर फक्त पत्रा दिसतो. जहाज वीस नॉट वेगाने चाललं असेल, म्हणजे ताशी सदतीस किलोमीटर, तर पुढच्या बाल्कनीत तेवढा वारा तोंडावर येतो, चहाच्या कपावरची बशीही टिकत नाही.

‘गॅरंटी’ केबिनचं आमिष बऱ्याच जणांना भुरळ घालतं. भाडं कमी, पण खोली कुठली ते कंपनी ठरवणार. ज्याला झोप लागायला अंधार पुरतो आणि ज्याचं पोट मजबूत आहे, त्याने ती खुशाल घ्यावी. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याने घेऊ नये.

आता बाजू. हा विचार फार कमी लोक करतात, आणि मला वाटतं सगळ्यांत जास्त आनंद याच विचारात दडलेला आहे. मुंबईहून गोव्याला जाणारं जहाज दक्षिणेला जातं. म्हणजे पश्चिम उजव्या हाताला आणि कोकण डाव्या हाताला. बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी सुटलं की गेट वे, ताजमहाल हॉटेल आणि कुलाबा उजवीकडून मागे सरकतात, नंतर उजवीकडेच सूर्य बुडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य डावीकडे, सह्याद्रीवरून वर येतो. परतताना सगळं उलटं. म्हणून उजव्या बाजूच्या केबिनला जाताना सूर्यास्त आणि येताना सूर्योदय मिळतो, डाव्या बाजूला त्याच्या बरोबर उलट. ज्याला रात्री किनाऱ्याकडच्या मच्छीमार होड्यांचे दिवे पाहायचे आहेत त्याने जाताना डावी बाजू घ्यावी. समोर दिव्यांची तुटक माळ असते आणि त्या अंधारात कुठे विजयदुर्ग, कुठे देवगड असेल याचा हिशोब करत तासन्‌तास बसता येतं. मार्ग बदलला की हिशोब बदलतो. नॉर्वेच्या गायरांगर फियोर्डमध्ये दोन्ही बाजूंना डोंगरांचे कडे असतात. अलास्कात हिमनदीसमोर जहाज सावकाश स्वतःभोवती फिरवतात, त्यामुळे तिथे बाजूची चिंता करायचं कारण नाही. पण व्हॅंकुव्हरहून उत्तरेला एकेरी जाणाऱ्या सफरीत मुख्य भूमी उजव्या हाताला राहते.

बाल्कनीत काय करू नये हेही सांगितलं पाहिजे, कारण त्यामागे एका माणसाचा जीव गेलेला आहे. 23 मार्च 2006 च्या पहाटे जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजाच्या एका बाल्कनीत आग लागली. कुणीतरी टाकलेलं पेटतं सिगारेटचं थोटूक हे संभाव्य कारण मानलं गेलं. बाल्कन्यांमधले आडोसे प्लॅस्टिकचे, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, आणि वर वाऱ्याचा झोत. आग बघता बघता मजल्यांमागून मजल्यांवर चढली, आणि एक प्रवासी धुराने गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षेच्या नियमांत बाल्कनीसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या आणि 1 जुलै 2008 पासून त्या लागू झाल्या: न पेटणारं साहित्य, किंवा पाण्याचे फवारे आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा. आज बहुतेक कंपन्या बाल्कनीत सिगारेट ओढू देत नाहीत. आपल्याला सवय असलेली आणखी एक गोष्ट टाळावी, कठड्यावर टॉवेल किंवा ओली चड्डी वाळत घालणं. तो कपडा उडून खालच्या बाल्कनीत जातो. लहान मुलं असतील तर खुर्ची कठड्यापासून लांब ठेवावी आणि दाराची वरची कडी लावूनच झोपावं. आणि दार उघडं टाकून आत एसीत बसू नये. दमट हवा आत येऊन भिंतींवर पाणी सुटतं. कित्येक जहाजांवर दार उघडलं की खोलीचा एसी आपोआप बंदच होतो.

बाल्कनी कधी घेऊ नये? दोन रात्रींची सफर असेल, बरोबर तरुण मंडळींचा मोठा गट असेल आणि सगळ्यांचा वेळ वरच्या डेकवर जाणार असेल, तर खिडकीची खोली पुरते. उरलेले पैसे दुसऱ्या सफरीसाठी ठेवावेत. जहाज दिवसचे दिवस समुद्रात असेल किंवा किनारा जवळून जात असेल, तिथे बाल्कनीचा पैसा वसूल होतो.

आता जेवण. मुख्य भोजनगृहात पूर्वापार दोन पंगती बसतात, आणि कारण आपल्या मंगल कार्यालयातलंच आहे: सगळी माणसं एका वेळी मावत नाहीत. पहिली पंगत संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. नाटकगृहातले खेळही त्याच बेताने लावलेले असतात. एक पंगत जेवते तेव्हा दुसरी खेळ पाहते. डिसेंबरात मुंबईजवळ सूर्य सहाच्या आसपास बुडतो. म्हणजे उजव्या बाजूची बाल्कनी घेतली आणि पहिली पंगत घेतली, तर जिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजले ती सूर्यास्ताची वेळ आपण तळमजल्यावर सूप पिताना घालवणार. बाल्कनी आणि पंगत एकत्र ठरवा म्हणतो ते याचसाठी. लहान मुलं आणि सातला जेवायची सवय असलेले वडीलधारे बरोबर असतील तर पहिली पंगत आणि डावी बाजू. बाकीच्यांनी दुसरी.

ठरलेली पंगत नको असलेल्यांसाठी वाट मोकळी झाली ती 2000 सालाच्या सुमारास, ‘नॉर्वेजियन’ कंपनीने ‘फ्रीस्टाइल’ नावाने ‘हवं तेव्हा, हवं तिथे जेवा’ ही पद्धत आणली तेव्हा. आता बहुतेक कंपन्या दोन्ही पर्याय देतात. डिस्नेच्या जहाजांवर 1998 पासून तिसराच प्रकार आहे. कुटुंब रोज वेगळ्या भोजनगृहात जेवतं आणि वाढपी त्यांच्याबरोबर फिरतात. मला ठरलेली पंगत आवडते. दुसऱ्या दिवशी वाढप्याला आपलं नाव ठाऊक असतं, तिसऱ्या दिवशी आईला ताक लागतं हे ठाऊक असतं.

तो वाढपी पुष्कळदा आपल्याकडचाच असतो. गोव्याची माणसं ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या काळापासून जहाजांवर स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून काम करत आली आहेत. खलाशांच्या बोलीत जहाजावरच्या स्वयंपाक्याला ‘भंडारी’ म्हणत, आणि मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गोव्याच्या गावागावांच्या ‘कूड’ होत्या. जहाज मिळेपर्यंत गावचा माणूस तिथे ट्रंक ठेवून राहत असे. आजही मोठ्या जहाजांवर मडगाव-म्हापशाची मुलं भेटतात. कोकणीत दोन शब्द बोलून पाहा, चेहरा उजळतो.

पैसे देऊन वेगळ्या रेस्टॉरंटात जेवायची चाल नवी वाटते, पण तिला शंभराहून अधिक वर्षं झाली. 1905 साली हॅम्बुर्गच्या जहाज कंपनीने ‘अमेरिका’ या जहाजावर सेझार रिट्झ यांच्या हॉटेलांच्या धर्तीवर रेस्टॉरंट काढलं होतं. टायटॅनिकवरही असं एक होतं, लुइजी गाट्टी नावाचे लंडनचे रेस्टॉरंटवाले ते चालवत. आज या रेस्टॉरंटांचं दरडोई शुल्क वेगळं लागतं. मुख्य भोजनगृह आणि बुफे मात्र बहुधा भाड्यातच येतात. वाढप्यांची बक्षिसी कित्येक जहाजांवर दररोज दरडोई बिलात चढते, ती आधीच विचारून घ्यावी.

शाकाहारी आणि जैन जेवणाचं एकच सांगणं: बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला पुन्हा सांगा. चांगल्या जहाजांवर तो रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू आणून दाखवतो आणि आपलं ताट भटारखान्यात आधीच लिहून ठेवतो. सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय, आशियाई भाजीत माशाचा सॉस आहे का, जेलीत जिलेटिन आहे का, केकमध्ये अंडं आहे का, हे नेटाने विचारावं. सिंगापूरहून आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण सहज मिळतं. भूमध्य समुद्रातल्या जहाजावर तेच आधी सांगितलं तर मिळतं, ऐनवेळी नाही. बुफेत जाताना हात साबणाने धुवायचे, नुसता जंतुनाशकाचा फवारा पुरत नाही. जहाजांवर जुलाब-उलटीची साथ पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला सहजी दाद देत नाही.

आणि ज्याला बोट लागते त्याच्यासाठी अजून एक. बुफे बहुतेक जहाजांवर सगळ्यांत वर असतो, मुख्य भोजनगृह खालच्या मजल्यांवर. समुद्र खवळलेल्या दिवशी माडाच्या शेंड्यावर बसून जेवण्यापेक्षा बुंध्याशी जेवावं.

एक न्याहारी मात्र खाली नको आणि बुफेतही नको. रात्री झोपण्यापूर्वी खोलीत ठेवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड घ्यावं, कॉफी की चहा, टोस्ट, फळं, यांपुढे खुणा कराव्यात, अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळांतली सगळ्यांत आधीची वेळ निवडावी आणि ते दाराच्या बाहेरच्या मुठीला अडकवावं. बहुतेक मोठ्या जहाजांवर ही सोय असते, काही ठिकाणी थोडं शुल्क देऊन. गोव्यात पोचायच्या सकाळी दारावर टकटक होते. ट्रे बाल्कनीतल्या गोल टेबलावर ठेवायचा, पेपर नॅपकिन उडू नये म्हणून त्यावर जॅमची छोटी बाटली ठेवायची. जहाजाचा वेग उतरलेला असतो, पायाखालची घरघर मंदावलेली असते. जहाज पूर्वेकडे वळून मुरगावच्या खाडीत शिरू लागतं आणि डाव्या बाजूच्या बाल्कनीसमोर आग्वादचा किल्ला येतो, तांबूस दगडाचा, त्याच्या मधोमध जुना पांढरा दीपस्तंभ.